तीन हाका

४ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि ही नवी वही. वही धाकटीने निघताना पर्समध्ये कोंबली. पहिल्या पानावर तिच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलंय, "ताई, जे तोंडाने कबूल करत नाहीस ते निदान इथे तरी लिहीत जा." तिचा रोख मला कळतो. लहानपणी आजीची काचेची बरणी माझ्या हातून फुटली आणि धपाटे तिने खाल्ले. तीस वर्षं झाली, पण बाईसाहेब विसरायला तयार नाहीत.

पाणीखात्याचं हे मुख्य कार्यालय साठ वर्षांचं आहे. तीन मजले, खाली तळघर, जाड भिंती आणि बोटाने ढकलली तरी हलणाऱ्या खिडक्यांच्या काचा. थंडीत सगळे शाल पांघरून फायली बघतात, उन्हाळ्यात म्हणे ओला रुमाल मानेला गुंडाळतात. इमारत पाडून नवी बांधायचं घाटत होतं. त्याऐवजी आहे तीच सुधारायची, तिची वीज आणि पाणी निम्म्यावर आणायचं आणि हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळवायचं, हे माझं काम. मला विचाराल तर जी उभी आहे तीच सगळ्यात हरित इमारत.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर "या आपल्या हरित मॅडम" अशी ओळख करून दिली. दुपारी आवक-जावकवाले एक गृहस्थ मान टाकलेल्या झाडाची कुंडी घेऊन आले आणि हिला काय झालंय तेवढं बघता का, म्हणाले. बघितलं. पाणी कमी पडत होतं. पाणीखात्यात!

मजा येणार आहे इथे.

८ जानेवारी, शुक्रवार

आज किल्लीमामांनी सगळी इमारत दाखवली. त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही. कमरेला शंभरेक किल्ल्या, आणि प्रत्येक दार उघडताना आत कोण साहेब बसायचे, कोणाला कशाची सवय होती, सगळं पाठ. मामांचा प्रत्येकावर विश्वास आहे. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत.

तळघरात माझं घबाड सापडलं. जमिनीखाली एक प्रचंड टाकी आहे. पूर्वी गावाच्या या भागाला तिच्यातून पाणी जायचं, गेली वीस वर्षं कोरडी पडून आहे. तिला आतून अस्तर लावायचं आणि पाण्याने भरायचं. सुटीच्या दिवशी छतावरच्या सौर पट्ट्यांची वीज उरेल, तिच्यावर ते पाणी थंड करून ठेवायचं आणि आठवडाभर छतांमधल्या नळ्यांतून फिरवायचं. एकही नवा एसी नको. मी तिथल्या तिथे वहीत आकृती काढली.

टाकीच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. छातीइतक्या उंचीची पोलादी काठी, तिचं एक टोक टाकीच्या कडेला, दुसऱ्या टोकाला लाकडी वाटी आणि ती वाटी कानाला. डोळे मिटलेले. मी खाकरले, तर डोळे न उघडताच एक बोट वर केलं. शाळेतल्या पोरीसारखी मी मुकाट उभी राहिले. मग ते म्हणाले की माझ्या डाव्या चपलेची टाच सुटत आलीय, दोन दिवसांत तोंडावर पडेन. बघितलं तर खरंच.

हे कानकाका. चाळीस वर्षं रस्त्यांवर काठी टेकवून जमिनीखालची गळती ऐकतात. बायको गेली, एक लेक आहे, ती आमच्याच तळमजल्यावर तक्रार खिडकीत बसते. तिला सगळे तक्रारताई म्हणतात. पाच वाजले की कानकाका तिची डब्याची पिशवी घेतात आणि बापलेक चालत घरी जातात.

त्यांनी मला खात्याचा एक रिवाज सांगितला. कुठल्याही टाकीचं किंवा चेंबरचं झाकण लावायच्या आधी, ज्याची सही असेल त्याने स्वतः तोंडाशी वाकून तीन हाका मारायच्या, "कोणी आहे का?" म्हणून. प्रत्येक हाकेनंतर पेलाभर पाणी सावकाश पिऊन होईल इतकं थांबायचं. एक हाक का पुरत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, आत राहिलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला स्वतःचा आवाज सापडायला वेळ लागतो. खात्याच्या छापील फॉर्मवरसुद्धा ही ओळ आहे: "तीन हाका मारल्या, उत्तर नाही." पुढे टिक करायला चौकोन.

किती गोड! धाकटीला फोनवर सांगितलं, तिलाही आवडलं.

२७ जानेवारी, बुधवार

कामाचा धडाका लावलाय. खिडक्यांच्या फटी बुजल्या, दिवे बदलले. आता माणसाची हालचाल झाली तरच दिवा लागतो, माणूस गेला की विझतो. प्रत्येक खोलीत किती माणसं आहेत ते यंत्र मोजतं आणि तेवढीच हवा सोडतं. दरवाजातून आत आलं की समोर मोठा फलक: आज वाचलेली वीज, आज वाचलेलं पाणी, इमारतीत आत्ता माणसं इतकी. तक्रारताई म्हणाली की आता शाळेतल्यासारखी हजेरी लागते. ती जबरी बोलते. लोक खिडकीत भांडायला येतात आणि हसत परत जातात.

एक गोष्ट लिहून ठेवते. अहवालात मी सुचवलंय की पाइपांवर आता गळती पकडणारी यंत्रं बसतील, म्हणजे काठीवाल्या माणसांची गरज राहणार नाही. इथे काठीवाला एकच उरलाय. एका ओळीचं काम होतं, पण ती ओळ टाइप करताना मी उगाच दोनदा चहा प्यायले.

कानकाकांना ते कळलं. फक्त म्हणाले की टाकीच्या पूर्वेच्या भिंतीत बारीक वाट आहे, पाणी टिकणार नाही. मी म्हटलं, लेखी द्या. ते हसले. लिहिता येतं म्हणाले, पण आवाज कसा लिहायचा?

१५ फेब्रुवारी, सोमवार

अस्तर पूर्ण! बोटभर जाड, मऊ, काळं. थंडावा बाहेर जाणार नाही की आवाज. मी शिडीने आत उतरून टाळी वाजवली, तर टाळी परतच आली नाही. बाहेर उभ्या किल्लीमामांना तर काहीच ऐकू आलं नाही. मी चार वेळा वाजवून बघितली. आपल्या कामाचं आपल्यालाच कौतुक, दुसरं काय.

झाकण आता मोटरवर चालतं. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या खोलीतून बटण दाबलं की बंद.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

टाकी भरली! दिवस धावपळीत गेला, पण झालं.

साहेबांना बैठकीला जायच्या आधी पाणी सुरू झालेलं बघायचं होतं. साडेबाराला त्यांचा दुसरा निरोप आला. कामगार काम उरकून जेवायला गेले होते. मी फॉर्म पुढे ओढला. शिडी पक्की, टिक. अस्तर पूर्ण, टिक. तीन हाका मारल्या, उत्तर नाही... स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं, तळघरात माणसं शून्य. मग दोन जिने उतरून भोकात तोंड घालून ओरडायला कोण जाणार? टिक केली, सही केली, बटण दाबलं. साहेबांनी पाठ थोपटली.

थोड्या वेळाने किल्लीमामा वर आले. म्हणाले, पाइप ठोके देतोय. मीही ऐकलं, माझ्या खोलीतल्या नळीतूनसुद्धा येत होते. ठक ठक ठक. मग थांबायचं. पुन्हा ठक ठक ठक. मी मामांना सांगितलं की पाइपात हवा अडकलीय, नव्या लाइनीत होतंच असं. त्यांचं समाधान झालं. साडेचारच्या सुमाराला हवा निघून गेली आणि ठोके थांबले.

पाच वाजता तक्रारताई दरवाजात डब्याची पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, बाबा लाइनवर गेलेले दिसतात, त्यांना वेळेचं भान नसतं. मी तिला माझ्याकडची दोन बिस्किटं दिली.

२२ फेब्रुवारी, सोमवार

कानकाका शुक्रवारपासून घरी आलेले नाहीत.

निवृत्तीचं पत्र त्यांना गुरुवारी मिळालं होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, म्हातारा रुसून कुठेतरी निघून गेला. दुपारी पोलीस येऊन गेले. किल्लीमामांनी सांगितलं की शुक्रवारी अकरानंतर काका काठी घेऊन तळघराकडे जाताना दिसले होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं की टाकी रिकामी होती. मी स्वतः खाली जाऊन तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

पोलिसाने फॉर्म उलटसुलट करून बघितला. किल्लीमामाच त्याला म्हणाले की मग प्रश्नच मिटला, मॅडमनी हाका मारल्यात आणि काका हाकेला ओ दिल्याशिवाय राहणारे नव्हेत. तक्रारताईने सुस्कारा सोडला. तिचा जीव भांड्यात पडला, मी बघितलं. बाबा निदान तिथे तरी नाहीत.

बोलून झाल्यावर मला ते ठोके आठवले. त्याच्या आधी आठवले नव्हते. खरंच नव्हते.

२८ फेब्रुवारी, रविवार

राहिलेलं काम उरकायला दुपारी ऑफिसात गेले. किल्लीमामा फाटकावरच्या चौकीत होते, इमारतीत मी एकटी. फलकावर आकडा: इमारतीत आत्ता माणसं २.

नवं यंत्र आहे, चुकतं. मी तारा तपासल्या, पुन्हा सुरू केलं. २.

मग व्हरांड्यातला दिवा लागला. तळघराच्या जिन्याजवळचा. तो विझला, पुढचा लागला. मग त्याच्या पुढचा. सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, एकेक दिवा करत ते तक्रार खिडकीपर्यंत आलं. तिथला दिवा लागून राहिला. विझेचना. आमच्या यंत्रणेत दिवा लागून राहतो तो खाली माणूस असेल तरच.

मी पर्स उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

५ मार्च, शुक्रवार

हजेरीपटावर सत्त्याऐंशी माणसं, फलकावर अठ्ठ्याऐंशी. रोज. साहेब गमतीने म्हणाले की मॅडम, एकाचा पगार कोण खातंय?

तक्रारताईच्या खुर्चीवर गार हवेचा झोत येतो. ती स्वेटर घालून बसते. मी सगळ्या जाळ्या तपासल्या, त्या खिडकीवर जाळीच नाही. ती म्हणाली, राहू द्या मॅडम, बाबा जवळ बसल्यासारखं वाटतं.

जेवण गेलं नाही.

आणखी एक. टाकीची पातळी रोज बोटभर उतरतेय. पूर्वेच्या भिंतीतून. म्हातारा खरं बोलत होता. त्या दिवशी तो तिथेच गेला असणार, पाणी भरायच्या आत शेवटचं एकदा ऐकायला. मी लेखी मागितलं होतं ना.

असणार असं लिहिलं मी. माहीत नाही. मला काहीही माहीत नाही.

९ मार्च, मंगळवार

उतरलेलं पाणी भरून काढायला नवी सोय केली. दर रविवारी दुपारी एक वाजता यंत्र आपोआप पातळी बघेल, तळघरात माणसं शून्य असतील तर झाकण लावेल आणि टाकी भरेल. कोणी हाताने यंत्रणा थांबवून ठेवली असली तरी एकला ती आपली आपण पुन्हा सुरू होते. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही. साहेब खूश.

त्यांनी विचारलं की मग आता त्या हाकांच्या ओळीचं काय करायचं. मी म्हटलं, गरज नाही, काढून टाका. फॉर्म नव्याने छापायला गेलाय. मला ती ओळ पुन्हा बघायची नव्हती, एवढंच.

१२ मार्च, शुक्रवार

सकाळी टेबलावर पाण्याचं गोल चिन्ह होतं. नाण्याएवढं. पेल्याचं नव्हे, पेल्याचं मोठं असतं. मी पुसलं. दुपारी खुर्चीच्या पाठीवर तसंच. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूने, कुलपाच्या जरा वर.

काठीचं टोक तेवढं असतं.

तो गळती ऐकत फिरतोय. भिंतीतून, दारातून. माझ्यातून काय गळतंय ते ऐकतोय.

पाच वाजता तक्रारताई वर आली. दारात उभी राहून म्हणाली, एक विचारू का मॅडम, राग नाही ना येणार? त्या दिवशी तुम्ही हाका मारल्यात, तेव्हा प्रत्येक हाकेनंतर थांबला होतात ना? बाबांना अलीकडे जरा वेळ लागायचा उत्तर द्यायला.

मी हो म्हटलं. तिन्ही वेळा थांबले म्हटलं.

तिने माझे हात हातात घेतले. म्हणाली, तुमच्यामुळे रात्री झोप तरी लागते मला. नाहीतर डोक्यात नको ते येतं.

तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. तिला चहा घेणार का असं विचारलं.

१९ मार्च, शुक्रवार

आज बरोबर महिना. आणि आजच प्रमाणपत्र मिळालं. तपासायला आलेली मंडळी टाकीवर फिदा. असला थंडावा म्हणे नव्या इमारतींतही नसतो. सभागृहात सगळे जमले, मला व्यासपीठावर बोलावलं, गुच्छ द्यायला तक्रारताईला पुढे केलं. टाळ्या.

भाषण करताना पाठीला काहीतरी टेकलं. दोन खांद्यांच्या मधोमध. गोल, गार, ओलं. हळूच टेकवलं आणि मग थोडं दाबलं, डॉक्टर छाती तपासताना दाबतात तसं. मी बोलत राहिले. माझ्या मागे फक्त पडदा होता. आणि त्या गोलातून कोणीतरी श्वास धरून ऐकत होतं, मला कळत होतं. बोलता बोलता माझा आवाजच गेला. लोकांना वाटलं, मॅडम भारावल्या. पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर ब्लाउज बघितला. मागे नाण्याएवढा ओला डाग.

२५ मार्च

ठोके परत आलेत. फक्त मला ऐकू येतात. किल्लीमामांना विचारलं, ते म्हणाले, छे, आता कुठली हवा, तुम्हीच काढलीत ना.

साडेबाराला सुरू होतात. साडेचारला थांबतात. चार तास.

म्हणजे त्या दिवशीही चार तास. मी खोलीत होते. चहा मागवला होता. धाकटीशी फोनवर बोलले होते, ती म्हणाली होती की मागे ठकठक कसली गं, मी म्हटलं होतं, काही नाही गं—

१ एप्रिल

धाकटीचा फोन. आवाज असा का येतोय, विचारत होती. सांगायला तोंड उघडलं आणि सांगितलं काय, तर बरणीचं. म्हटलं, ती बरणी मी फोडली होती, तुला मार बसला, चूक झाली माझी. ती हसत सुटली. म्हणाली, अगं एवढ्यासाठी रडतेस?

हो म्हटलं.

४ एप्रिल, रविवार

घरातल्या नळाला हात लावला तर नळ ठोकतोय. तीन. थांबतो. तीन.

उशीवर गोल. कानाच्या जागी.

७ एप्रिल

तक्रारताईने आज खिडकीत एका बाईला समजावलं, म्हणाली, माझे बाबा येतील ना परत, तसं तुमचं पाणीही येईल. ती बाई हसली. तीही हसली. दोन माणसांचा डबा आणते अजून. पाच वाजता पिशवी घेऊन दरवाजात पंधरा मिनिटं उभी राहते, मग जाते.

माझ्या सहीमुळे. ती सही नसती तर त्याच दिवशी टाकी उघडली असती. मी तिला वाट बघायला लावलंय. जन्मभर बघेल ती.

सांगायचंय. रविवारी टाकी रिकामी करून आधी बघते. आत कोणी नसलं तर—

नसलं तर म्हणे. अजूनही स्वतःशी खोटं.

११ एप्रिल, रविवार, सकाळ

साडेआठला आले. यंत्रणा हाताने थांबवून ठेवली आणि टाकीतलं पाणी सोडून दिलं. किल्लीमामा आज सुटीवर आहेत, चौकीत कोणी नाही. तक्रारताईला निरोप ठेवलाय, दोन वाजता या, महत्त्वाचं सांगायचं आहे. आधी बघेन, मग सांगेन. तोंडावर सांगेन. वही पर्समध्ये घेतलीय. धीर सुटला तर हीच तिच्या हातात देईन.

येताना फलक बघितला. इमारतीत माणसं २. ती आणि मी नव्हे. ते आणि मी.

बारा वाजले. पाणी गेलं, झाकण उघडलं. उतरते.

दुपार

काका इथे आहेत.

शिडीच्या पायथ्याशी, बसल्यासारखे. चष्मा दोऱ्याने गळ्यात आहे. जास्त लिहवत नाही. गार पाण्यामुळे— नको.

पूर्वेच्या भिंतीवर अस्तरात काठीच्या टोकाने कोरलेलं गोल आहे. गळती तिथे आहे. बुडण्याआधी काम पुरं करून गेले. त्याच्या वर, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीपाशी, अस्तर नखांनी ओरबाडलेलं आहे.

मी त्यांच्यासमोर बसून माफी मागितली. मोठ्याने. माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. अस्तर.

काठी त्यांच्या हातात होती. तक्रारताईला द्यायला म्हणून मी ती सोडवून घेतली. बोटं लगेच सुटली. जणू त्यांना द्यायचीच होती.

वर मोटरचा आवाज

१ वाजून ४ मिनिटं

झाकण लागलं. एक वाजला. हाताने थांबवलेली यंत्रणा एक वाजता आपोआप— मीच. मीच ठेवलं होतं. तळघरात शून्य माणसं. टाकीच्या आतलं यंत्राला दिसत नाही. तेव्हाही दिसलं नव्हतं.

फोनला रेंज नाही. शिडीवर बसलेय. फोनच्या उजेडात लिहितेय. पाणी सुरू झालंय.

ताई दोनला येईल. वर खोलीत शोधेल. टाकी भरायला चार तास. पण तिला कुठून कळणार मी इथे आहे? फॉर्मवर आता ती ओळ नाही. ती खाली येऊन हाक का मारेल?

काठीने पाइप ठोकतेय. ठक ठक ठक. ऐकू गेलं तरी म्हणतील, हवा.

ताई, मी हाका मारल्या नव्हत्या. एकही नाही. ठोके ऐकले होते मी. पाइपात हवा आहे म्हटलं. तुमचे बाबा चार तास ठोकत होते. तुमची काही चूक नाही, त्यांचीही नाही. वाट बघू नका. वही माझ्या डब्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या पायरीला अडकवते.

२ वाजून ५०

कमरेपर्यंत. गार.

उजेड खाली टाकला. पायथ्याशी काका नाहीत. पाणी आहे, चष्मा तरंगतोय, ते नाहीत.

वर पावलं. झाकणावर. ताई असेल. ताई—

सावकाश चालतंय. म्हाताऱ्यासारखं.

हाक आली. "कोणी आहे का?"

त्यांचा आवाज. मी ओरडले, आहे, मी आहे काका. घशातून निघालं आणि अस्तराने गिळलं. ते थांबलेत. पेलाभर पाणी पिऊन होईल इतकं. ठोकतेय. पण त्यांच्या कानाला काठी नाही. काठी माझ्याकडे आहे.

"कोणी आहे का?"

आहे. आहे. आहे. ते वाट बघतायत, खरंच वाट बघतायत. मला आवाज सापडत

तिसरी

काकांनी माझ्यासाठी तीन हाका मारल्या. मी त्यांच्यासाठी एकसुद्धा—